गोष्ट कुणाला सांगायची

माझा बा गोष्ट हाताने लिहीत नाही, तो सांगतो. ओसरीवरच्या दोरीच्या झुल्यात आडवा होऊन बोलायला लागायचा, आणि शेजारच्या लाकडी पलंगावर मांडी घालून बसलेली आई लिहून घ्यायची. मला कळायला लागल्यापासून आमच्या घरात गोष्टी अशाच तयार झाल्या. प्रांताच्या मासिकात बाचं, साऊ खोई या नावाने, जे काही छापून आलं, ते आधी आईच्या गोल, डावीकडे कललेल्या अक्षरात उतरलेलं होतं. बाला लिहिता येत नाही असं नाही. नारळाच्या व्यापाऱ्याला तो व्यवस्थित चिठ्ठ्या लिहितो. पण गोष्ट लिहायला टेबलाशी बसला की त्याच्या हातून चिठ्ठीच निघते. ‘अमुक गावात एक माणूस होता, त्याची बायको बरी होती, कळावे.’

आई गेली तेव्हा एक गोष्ट अर्ध्यावर होती.

गोष्ट साधी होती. कोरड्या दिवसांत समुद्राचं पाणी नदीतून आत येतं आणि कालवे खारट होतात. अशा दिवसांत एक माणूस रिकामे रांजण होडीत घालून गोडं पाणी आणायला नदीने वर जातो. घरी बायको पोटुशी, आणि घरातल्या रांजणात पाणी तळाला गेलेलं. वाटेत एका धक्क्याला गाण्याच्या नाटकमंडळींची मोठी नाव लागलेली असते. ‘एकच अंक बघू’ म्हणत तो थांबतो, आणि रात्रभर थांबतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पाणी घेऊन घरच्या धक्क्याला येतो. आता होडी बांधायची आणि बायकोला हाक मारायची.

तिथेच गोष्ट थांबली होती.

मासिकाचे संपादक क्वानदादा मधूनमधून फोन करत. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या अंकात त्यांना ही गोष्ट हवी होती. बाने आधी महिनाभर ‘होतेय, होतेय’ सांगितलं. मग एकदा जेवताना, भातात माशाचा रस्सा कालवत, अगदी शांतपणे फोनवर त्यांना म्हणाला, “क्वान, तेतपर्यंत झाली तर झाली. नाही झाली तर साऊ खोई संपला असं समज. नारळ आहेत, बदकं आहेत. माणसाचं चालतं.”

तो चिडून बोलला असता तर मी लक्ष दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातले कोरे कागद उचलले आणि कालव्यापलीकडच्या मुओई मावशीला चूल पेटवायला देऊन टाकले. तेव्हा मला भीती वाटली. आई गेल्यानंतर तो रडला होता, चिडला होता, दोन दिवस जेवला नव्हता. त्या सगळ्यात तो माझा बाच होता. कागद देऊन आलेला माणूस मात्र नुसता एक म्हातारा शेतकरी दिसत होता, आणि तसं दिसणं त्याला चालणार होतं.

मी रसायनशास्त्र शिकले. पाटबंधारे खात्यात पाण्याचा खारटपणा मोजायचं काम करते. कालव्यांवरच्या झडपांपाशी, भरतीला आणि ओहोटीला, लिटरमागे किती ग्रॅम मीठ. त्यामुळे एखादी गोष्ट अडली की मी तिच्याकडे जशी बघायला शिकले तशीच बघते: एका वेळी एकच बदल करायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, काय फरक पडतो ते पाहायचं.

मी झुला ओसरीवरून काढून फणसाखाली बांधला. फरक नाही. झुला परत ओसरीवर आणला, दुपारऐवजी सकाळी सांगून बघ म्हटलं. फरक नाही. कॉफी कडक केली, मग साखर जास्त घातली.

“बा म्हणजे काय खाडीचं पाणी आहे का,” तो म्हणाला. “रोज वेगळ्या बाटलीत भरतेयस.”

“पाणी निदान उत्तर देतं.”

“मग जा, पाण्याला विचार तेतची गोष्ट.”

शेवटी राहिला एकच बदल, जो मला आधीच सुचायला हवा होता. रविवारी मी लॅपटॉप घेऊन आईच्या जागी पलंगावर जाऊन बसले.

बाने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. “हे काय?”

“सांग. लिहून घेते.”

“टकटक आवाज येईल.”

“आईच्या पेनाचाही यायचा. करकर.”

“ती करकर वेगळी.” पण तो आडवा झाला. माझी टायपिंगची गती त्याच्या बोलण्याइतकी नाही, म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंगही लावलं. म्हटलं, चुकलं तर नंतर ताडून पाहता येईल. फोन उशीशेजारी ठेवलेला पाहून तो म्हणाला, “आता साक्षीपुरावाही घेणार,” आणि डोळे मिटले.

इथे आमच्या बोलण्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. आमच्याकडे घरातली मोठी माणसं ‘मी’ असा सुटा शब्द सहसा वापरत नाहीत. समोर कोण आहे त्यावर आपण कोण ते ठरतं. मुलीशी बोलताना बाप स्वतःला ‘बा’ म्हणतो: बाला भूक लागली, बा झोपतो. धाकट्या भावाशी बोलताना तोच माणूस ‘दादा’ होतो. बरोबरीच्या माणसाशी, बायकोशी, शेजाऱ्याशी बोलताना तो स्वतःला ‘तुई’ म्हणतो. ही गोष्ट बा आईला सांगत आला होता आणि त्यातला होडीवाला स्वतःच बोलत होता, म्हणून गोष्टीत पहिल्यापासून ‘तुई’ होतं. तुई होडी सोडली. तुई रांजण मोजले.

त्या दिवशी बाने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आधी अडखळला, मग लागला सांगायला. निपा माडांच्या झापांमधून जाणारा अरुंद कालवा, मग एकदम उघडी पडणारी नदी, धक्क्याला लागलेली ती निळी-पिवळी नाव, तिच्या टपावर बसून चेहऱ्याला रंग लावणारा एक जाडा नट, ज्याच्या एकाच गालाला रंग लागला होता. मला सगळं दिसत होतं. बोटं आपोआप चालत होती. तो धक्क्यापर्यंत आला, होडी बांधली, आणि गप्प झाला.

मी थांबले. अंगणातल्या फणसावर एक पक्षी ओरडत होता.

“झालं,” बा म्हणाला. “इथंच. बघितलंस ना. इथंच.”

“वाचून दाखवू? कदाचित वाचता वाचता सुचेल.”

मी वाचायला लागले. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर बा झुल्यात उठून बसला.

“थांब. काय वाचलंस?”

“‘बाने विचार केला, एकच अंक बघू.’”

“बाने?”

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच तसं होतं. तिथून पुढे सगळीकडे तसंच. बाने बाकावर जागा धरली. बाला भूक लागली. एकदाही ‘तुई’ नाही.

“कुणी सांगितलं असं लिहायला?” बाचा आवाज चढला. “हा होडीवाला आहे. तो बायकोशी बोलतोय. बायकोशी बोलताना कोणी स्वतःला बा म्हणतं का? वाचणारा म्हणेल म्हातारा पोरीला बायको समजला.”

“तू म्हणालास तसं लिहिलंय.”

“तुई म्हणालो.”

“बा म्हणालास.”

“चाळीस वर्षं गोष्टी सांगतोय, तुई आणि बा कळत नाही का?”

“मग ऐक.” मी फोन उचलला.

बा नको म्हणाला नाही. मी सुरुवातीपासून लावलं. स्वतःचा आवाज ऐकताना माणसं जशी अंग चोरतात तसा तो बसला होता. ‘तुई होडी सोडली.’ त्याने माझ्याकडे विजयाने पाहिलं. ‘तुई रांजण मोजले.’ अजून एकदा पाहिलं. पुढे नाव आली, जाडा नट आला. मग फोनमधला आवाज म्हणाला, ‘तुई मनात म्हटलं, घरी ती एकटी आहे, पोटात...’ आणि थांबला. त्या थांबण्यात पक्षी ऐकू येत होता, माझी बोटं वाजलेली ऐकू येत होती. मग आवाज पुन्हा सुरू झाला, जरा खाली उतरलेला: ‘पोटात तू होतीस. पण बाने विचार केला, एकच अंक बघू.’

मी फोन बंद केला. मी ते टाईप केलं होतं. पडद्यावर आताही होतं, ‘पोटात तू होतीस’. दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं, कारण बा माझ्याशी बोलताना असंच बोलतो.

“बा,” मी म्हटलं. “ही रचलेली गोष्ट नाही?”

“रचलेलीच आहे.” तो झुल्याच्या दोऱ्यांची गाठ बघू लागला. “रंग रचलेला आहे. त्या नटाचे दोन्ही गाल रंगवलेले होते.”

“आणि बाकीचं?”

“पुसून टाक ते. तुई कर सगळीकडे. त्या यंत्रात एकदम बदलता येतं म्हणतेस ना, तसं कर.”

बदलता आलं असतं. मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाची गोष्ट पूर्ण व्हावी, मासिकात यावी, यातलं काही आठवत नव्हतं. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

“मग आई काय म्हणाली?”

“तिला विचार,” बा म्हणाला.

हे त्याच्या तोंडातून नेहमीच्या सवयीने गेलं. मिठाचा डबा कुठे आहे, धान्य कधी आणलं, मावशीच्या मुलीचं लग्न कितव्या साली झालं, सगळ्याला त्याचं हेच उत्तर असायचं. म्हणाला, आणि झुल्याची गाठ विनाकारण पुन्हा आवळू लागला.

मग तो म्हणाला, “तिला ठाऊक होतं ना. तीच तर होती तिथं. इथपर्यंत आलो की ती पेन खाली ठेवायची. हसायची. म्हणायची, ‘पुढचं काय सांगायचंय, ठाऊकच आहे.’ आणि उठून भात टाकायला जायची. दर वेळी. बा तरी कशाला सांगेल मग?”

“मला ठाऊक नाही.”

“हो.”

“मला कुणीच सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस.”

“आता विचारतेय की.”

बाने झुल्यात पाय वर घेतले आणि मांडी घातली. सांगताना तो कधीच असा बसत नसे. माझ्याकडे तोंड करून बसला. “मग ते तसंच राहू दे,” तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. “बा म्हणूनच लिही. पहिल्या पानावरचं तुईसुद्धा काढ. बायकोला सांगत होतो म्हणून तुई होतं. आता पोरीला सांगतोय.”

मी पहिलं पान बदललं. यंत्राला सांगितलं नाही, एकेक शब्द हाताने बदलला. तोवर तो थांबला.

“बाने होडी बांधली,” तो म्हणाला. “मग हाक मारली.”

“काय हाक मारली?”

“हाक म्हणजे हाक. घरात माणसाला बोलावतात तशी.”

“म्हणजे ‘लुआची आई’? नेहमी तेच म्हणायचास.”

“तू जन्मायची होतीस. कुठली लुआ आणि कुठली आई.”

“मग काय म्हणायचास?”

बाचे कान लाल झाले. मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि नीट पाहून ठेवलं. “तू जरा कालव्याकडे तोंड कर,” तो म्हणाला.

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर उलटी फिरले. समोर कालवा, फळ्यांचा धक्का, पलीकडे मुओई मावशीचं घर. पाठीमागून बा काहीतरी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“मिन्,” तो जरा मोठ्याने म्हणाला. “मिन् म्हणायचो.”

मिन् म्हणजे अंग, आपलं स्वतःचं अंग. नवीन जोडपी एकमेकांना त्याच शब्दाने हाक मारतात. मूल झालं की बहुतेक घरांत तो शब्द मागे पडतो. आमच्या घरात तो कधी होता हे मला माहीत नव्हतं.

“एवढ्या हळू?” मी कालव्याकडे बघतच म्हटलं. “होडी धक्क्याला, आई आत चुलीपाशी. तिला ऐकू गेलं असतं का? अंतर बघ.”

“आता अंतर मोजणार का तू?”

“खरं कसं मारलंस ते सांग. लिहायचंय.”

मग माझ्या पाठीमागे बाने छाती भरून हाक मारली. “मिन् ऽऽ ओय.” पलीकडच्या काठावरची बदकं पाण्यात उतरली.

मुओई मावशी हातात खराटा घेऊन अंगणात आली. “काय हो साऊदादा,” ती तिथूनच ओरडली. “मला हाक मारताय का? नवरा घरात आहे, जरा बेताने.”

“गोष्ट चाललीय,” बा ओरडला.

“गोष्टीत एवढं ओरडतात?”

“होडी लांब आहे.”

मावशीने आमच्या धक्क्याकडे पाहिलं. तिथे होडी नव्हती. मग माझ्याकडे पाहिलं, आईच्या जागी पलंगावर उलटी बसलेली, मांडीवर लॅपटॉप. तिचा चेहरा बदलला. “चालू द्या,” ती म्हणाली आणि आत गेली. जाताना खराटा भिंतीला टेकवायचा राहिला, अंगणातच पडला.

“वळू?” मी विचारलं.

“वळ.”

बा झुल्यात सरळ बसला होता. “तुझी आई बाहेर आली. एक हात कमरेवर, एका हातात पळी. बाला वाटलं, ती पळी आता डोक्यात बसते. काही बोलली नाही. पायऱ्या उतरली, होडीत वाकली, रांजणातलं पाणी पळीत घेतलं आणि तोंडाला लावलं. आणि थुंकली.”

“का?”

“खारट होतं.”

मला आधी कळलं नाही, मग कळलं. “तू भरतीला पाणी भरलंस.”

“रात्रभर नाटक बघत बसलो. निघताना विचार न करता जिथं होतो तिथंच भरून घेतलं. संध्याकाळी तिथं गोडं होतं. सकाळपर्यंत नदी चढलेली.”

“पौर्णिमा असणार. पौर्णिमेच्या भरतीला मीठ तिथपर्यंत सहज जातं. तीन-चार ग्रॅम असेल.”

“तुझ्या आईकडे मीटर नव्हता. पळी होती.” तो हसत होता. आईनंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता, तोंड उघडं ठेवून. “चार रांजण खारं पाणी आणलं बाने. रात्रभर बाहेर राहून. आणि ती तिथं पायरीवर बसली, पोट सांभाळत. बा वाट बघत होता, आता बोलेल, आता बोलेल.”

“मग?”

“म्हणाली, ‘पाणी तर आणलं नाही. नाटक तरी आणलंय का?’”

मी टाईप करत होते, पण मधेच थांबावं लागलं. बाने वाट पाहिली. तो माझ्याकडे बघत नव्हता, धक्क्याकडे बघत होता.

“रांजण ओतून दिले. तिला होडीत बसवलं. सावलीला वर एक झाप बांधलं. म्हटलं घरी थांब, तर ऐकेना. म्हणाली, ‘एकट्याला सोडलं तर दुसरी नाटकमंडळी भेटेल.’ आणि पुन्हा वर निघालो. बाने वल्हं मारत मारत तिला नाटक सांगितलं. पहिला अंक, गाण्यांसकट. कुठं कोण रडलं, कुठल्या गाण्याला लोकांनी पैसे फेकले. ती मधेमधे विचारायची, त्या बाईने कुठल्या रंगाचा झगा घातला होता. तोपर्यंत बाने कुणाला कधी काही सांगितलं नव्हतं, लुआ. बा तेव्हा बोलणारा माणूस नव्हता. लग्न झालं तरी घरात दिवसभरात दहा वाक्यं होत नसत.”

हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

“गोड्या पाण्यापर्यंत जायला बराच वेळ लागला,” बा म्हणाला. “आणि मग दुसरा अंक आला.”

तो थांबला. मला वाटलं, पुन्हा अडलं. पण हे थांबणं वेगळं होतं. तो काही आठवत बसला नव्हता, निवडत होता. आई पलंगावर बसायची तेव्हा तो असाच थांबायचा आणि आईचं पेन कागदावर टेकलेलंच असायचं.

“दुसऱ्या अंकाला बाला झोप लागली होती,” तो म्हणाला. “बाकावरच. जाग आली तेव्हा दिवे विझलेले. म्हणून दुसरा अंक रचून सांगितला. राजाला मारून टाकलं, राणीला होडीत बसवून पळवलं, त्या जाड्या नटाला शहाणा केलं. गोडं पाणी येईपर्यंत जे सुचेल ते सांगत गेलो.”

“आईला कळलं?”

“कळलं असावं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘पहिल्यापेक्षा हा अंक जास्त चांगला आहे.’” बाने झुल्यातून खाली पाय सोडले. “लिहिलंस?”

“लिहितेय.”

“मग आता तो अंक ऐक,” तो म्हणाला, आणि आडवा झाला.